मराठी कोण वाचतंय तिथं

११ ऑक्टोबर

रोज एक पान लिहीन असं रामकिशन सरांना कबूल करून महिना होऊन गेला, आणि हे पहिलं पान. खोटं कशाला लिहू, टाळलंच. एकदा पेन सापडला नाही. एकदा नौबादहून माझ्या मित्राचा, सोनूचा फोन आला, ड्रोननं फवारणी शिकवायचा वर्ग निघालाय, ये म्हणून. गेलो, थोडं शिकलो, कंटाळा आला. भालकीची बस धरायची ती सोडून हुमनाबादच्या बसमध्ये बसलो, कारण स्टँडवर एक माणूस म्हणाला तिथं कुस्त्या आहेत. कुस्त्या नव्हत्याच. तिथं भजी खाऊन परत आलो.

माझं सगळं असंच. बारावी सुटली, आयटीआय अर्धं राहिलं. हैदराबादला गोदामात होतो, सोलापुरात रसवंतीवर, मग पंजाब्यांच्या हार्वेस्टरबरोबर पार रायचूरपर्यंत. कुठं टिकलो नाही. गोष्टी लिहायचं खूळ तेवढं डोक्यातून गेलं नाही. आता भालकी तालुक्यातल्या मेहकरला, घरी आहे. अप्पांचं किराणा दुकान आहे, तिथं बसावं असं त्यांचं म्हणणं. कालच म्हणाले, "लेखक व्हायचंय म्हणतोस, ते गल्ल्यावर बसून होत न्हाई व्हय?"

सर भालकीच्या मराठी शाळेतून रिटायर झाले. माझ्या लिहिण्याकडं बघणारा या तालुक्यात तेवढा एकच माणूस आहे.

१४ ऑक्टोबर

सरांनी गोष्ट परत दिली. दारुडा नवरा, मार खाणारी बायको, शेवटी ती विहिरीत उडी घेते. मला वाटलं होतं रडतील.

सर म्हणाले, "आमच्या लेखकांनी इतक्या बायका विहिरीत ढकलल्या की आता विहिरीत जागा न्हाई राहिली. ही गोष्ट कुठून आणलास?"

"मनातून, सर."

"मनात कुणी टाकली?"

मी वहीची कड मुडपत बसलो.

"तुझा हा दारुड्या पितो काय? बसतो कुठं? पिल्यावर बडबडतो का झोपतो?"

"बडबडत असंल."

"असंल म्हणलास तिथंच वाचणारा उठून जातो बघ."

मग सांगितलं की एक महिना विशेषण वापरायचं नाही. बिचारी, दुष्ट, भयाण, सगळं बंद. बघितलेलं तेवढंच लिहायचं.

वाटेत राग आला. चहा प्यायलो. मग वाटलं, म्हातारा बरोबर बोलतोय.

१७ ऑक्टोबर

विशेषण न वापरता भालकी स्टँड:

बाई पिशवीवर बसली आहे. पोरगं तिच्या पदराचं टोक चघळतं. कंडक्टर ओरडतो. बाई उठत नाही. बस जाते. बाई पोराच्या तोंडातून पदर काढून घेते.

बरं झालंय. "दमलेली" लिहायला हात शिवशिवला होता.

२५ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

अक्का ओसरीवर तीळ पाखडत बसली होती. माझी मोठी बहीण, जगदेवी; धाकटा म्हणून मला तम्मा म्हणते. हिला राजेश्वर गावात दिलं होतं, अमृतप्पा नावाच्या माणसाला. वर्ष भरायच्या आत परत आली. नवरा प्यायचा, मारायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती आली तेव्हा मी सोलापुरात होतो. घरात त्यावर कुणी बोलत नाही.

ती विहिरीची गोष्ट मी तिला वाचून दाखवली. तिच्यासाठीच लिहिली होती खरं तर. नवर्‍यानं पट्टा काढला इथवर आलो आणि ही हसायला लागली. सूप खाली ठेवून हसली.

"हसायलीस कामून?"

"तू त्यांना कधी बघितलास रे पिलेलं?"

"सगळेच म्हणतेत की."

"अप्पांनी सांगितलं म्हणून म्हणतेत. तू बी अप्पांचंच लिवलास, तम्मा. त्यांचंच बरं होतं, त्यात विहीर नव्हती."

मग तिनं सांगितलं. तीळ पाखडत, माझ्याकडं न बघता. अमृतप्पानं कधी हात उगारला नाही. दारूला शिवत नव्हता. हिचं डोकं दुखलं तर चहा करून द्यायचा.

"मग आलीस कामून?"

"तेच तर कुणाला सांगता येईना. त्या घरात मी पाहुणीच होते. त्यांनी हाक मारली की छातीत धस्स व्हायचं. भ्या न्हाई, दुसरंच कायतरी. वाटायचं, आता जन्मभर ह्यांना ओ द्यायची. एक दिवस अंगण झाडलं, खराटा भिंतीला लावला आणि निघाले. ते मळ्याकडून यायलते. कुठं जायलीस म्हणले. म्हणलं, घरी. थोडा वेळ उभे राहिले. मग हातातली छत्री दिली. म्हणले, ऊन लै हाय."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. आता असं घरी येऊन सांगितलं तर कोण ठेवून घेईल? अप्पा म्हणले, गप बस, मी सांगतो लोकांना काय सांगायचं ते."

तीळ डब्यात भरून उठताना म्हणाली, "हे कुठं बोलू नकोस."

नाही बोलणार, म्हणालो.

ती छत्री मला झोपू देत नाही.

३१ ऑक्टोबर

लिहितोय. दुकानात बसतो, गिर्‍हाईक आलं की साखर जोखतो, पुन्हा लिहितो. अप्पा खूश आहेत, पोरगं गल्ल्यावर टिकलं म्हणून. मधे दोनदा सोनूचा फोन आला, उचलला नाही. असं आधी कधी झालं नाही.

नावं बदलली. अक्काचं गौरा केलं, अमृतप्पाचं शिवप्पा. गाव उदगीरकडं नेलं. पण "तो", "ती" असं लिहिलं की गोष्ट मरते. शेवटी भावाच्या तोंडून सांगितली, "माझी बहीण" असं म्हणून. पहिलीच ओळ उभी राहिली. बाप गावभर काय सांगत फिरतो तेही घातलं. त्याशिवाय गोष्ट अर्धी.

५ नोव्हेंबर

सरांनी वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. लाल पेनाला हात लावला नाही. मग मागं जाऊन एक "अत्यंत" खोडला. बास.

"छापायला पाठवू," म्हणाले. उदगीरहून एक त्रैमासिक निघतं, त्याचे संपादक त्यांच्या ओळखीचे.

चहा आला. सरांनी विचारलं, "जिची हाय तिला वाचून दाखवलास?"

"व्हय सर."

दाखवणारच आहे. एवढ्यात.

"आणि तो नवरा? हाय का जिवंत?"

"असंल, राजेश्वरला."

सर माझ्याकडं बघत राहिले. आता तरी चांगलं म्हणायचं ना. म्हणाले नाहीत. म्हातार्‍या माणसाला कौतुक करायचा कंटाळा असतो.

१२ नोव्हेंबर

घरात पाहुणे. गुलबर्ग्याच्या वाटेवर कमलापूर आहे, तिथलं स्थळ अक्काला आलंय. मुलगा लिंगराज, बायको वारली, खतांचं दुकान. सोबत आई, मल्लव्वा. सगळं बोलणं कन्नडमध्ये. आम्हाला दोन्ही येतं, पण अप्पा कन्नड बोलायला लागले की जास्त अदबीनं बोलतात, आवाजसुद्धा बदलतो.

अप्पांनी आपलं ठरलेलं सांगितलं. नवरा प्यायचा, मारायचा, पोर जीव मुठीत धरून आली. चांगलं सांगतात. मधे थांबतात, पाणी पितात. मल्लव्वानं अक्काला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "छलो आयितु." बरं झालं, सुटलीस, असं. अक्का खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

पाहुणे गेल्यावर आमच्या आईनं, अव्वानं, नारळ फोडला. येळवशीला, रानातल्या पूजेच्या अमावास्येला, तिकडच्या सगळ्यांना शेतावर जेवायला बोलवायचं ठरलं, तिथंच उडकीची, दुसर्‍या लग्नाची, तारीख धरायची.

१७ नोव्हेंबर

लिंगराजभाऊ अक्काला फोन करतात. ती फोन घेऊन गच्चीवर जाते. काल भांडी घासता घासता गुणगुणत होती. मोरीत राख सांडली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी हे लिहून ठेवतोय कारण बाईचं मन बदललं की हाताचं काम कसं बदलतं, हे पुढं कुठल्या तरी गोष्टीत वापरता येईल.

१९ नोव्हेंबर

संपादकांचा फोन! गोष्ट घेतली. म्हणाले, "नवीन माणसाचं इतकं साधं लिखाण फार दिवसांनी वाचलं. फोटो पाठवा, खाली गावाचं नाव देऊ. काही बदल करायचा असेल तर या आठवड्यात सांगा."

तेव्हापासून एकच चाललंय. थांबवू का? एक फोन केला की झालं. पण थांबवून काय सांगायचं, बहिणीचं लग्न ठरलंय म्हणून? पुन्हा कधी घेतील? इतकी वर्षं मी कुठलीच गोष्ट पुरी केली नाही. ही एक झाली.

आणि विचार केला तर भ्यायचं काय? कमलापूरवाले कन्नड. घरात कन्नड, दुकानाची पाटी कन्नड, शाळा कन्नड. मराठी कोण वाचतंय तिथं? भालकीत तरी मराठी पुस्तक विकत घेणारी माणसं एका रिक्षात बसतील. उदगीरचं त्रैमासिक कमलापूरला जायला त्याला पाय फुटायला पाहिजेत.

संध्याकाळी नौबादला जाऊन सोनूकडून फोटो काढून घेतला. म्हणाला, "हनुवटीवर हात ठेव बे, लेखक तसेच बसतेत." ठेवला.

संपादकांना फोन केला. बदल काही नाही, म्हणालो.

३ डिसेंबर

अंक आला. माझं नाव, माझा फोटो, खाली मेहकर, तालुका भालकी. तीनदा वाचली. छापून आल्यावर आपलंच लिहिलेलं दुसर्‍या कुणाचं तरी वाटतं, शहाण्या माणसाचं.

घरी दाखवला नाही. लग्न उरकलं की अक्काला निवांत बसवून दाखवीन. पण राहवेना, म्हणून सगळ्या पानांचे फोटो स्टेटसला टाकले. घरात अक्का आणि अव्वा तेवढ्या बघणार नाहीत अशी सेटिंग केली. अप्पांचा साधा फोन.

लोकांचे अंगठे, फुलं. हैदराबादच्या गोदामातला एक जण "भाई, राइटर बन गया" म्हणाला. लिंगराजभाऊंनीही बघितलं. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि कन्नडमध्ये लिहिलं, "मला वाचता येत नाही, पण अभिमान वाटला. अव्वाला येतं, तिला दाखवतो."

मल्लव्वाला मराठी येतं?

चेष्टा करत असतील.

४ डिसेंबर

स्टेटस काढलं. सोनू म्हणाला, आता काढून काय उपयोग, ज्यानं ठेवायचं त्यानं ठेवलं असणार.

अक्काला सांगावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ती ज्वारीचं पीठ चाळत होती. "काय रे?" म्हणाली. चहा मागितला. तिनं दिला.

८ डिसेंबर

मल्लव्वा आली. एकटीच, जीप करून. अव्वा पाणी घेऊन बाहेर आली. मल्लव्वा बाजेवर बसली आणि बोलायला लागली. मराठीत.

आमच्यापेक्षा चांगलं मराठी. माहेर उदगीरजवळचं. शाळा मराठी, सातवीपर्यंत. लग्न होऊन कमलापूरला गेली आणि चाळीस वर्षं कन्नडमध्ये संसार केला. "सांगायची गरजच कधी पडली न्हाई," म्हणाली.

अप्पा म्हणाले, "बाई, पोराचं काय मनावर घेता? गोष्ट म्हणजे थापा असत्यात."

"थापा तुम्ही मारलात, गुंडप्पा. पोरानं खरं लिवलंय. खर्‍याचा वास येतो की हो."

मग माझ्याकडं वळली. मी दारात उभा होतो. म्हणाली, "चांगलं लिहितोस बाळा. छत्रीपाशी मला रडू आलं."

हे वाक्य ऐकायला मी काय काय सोडून बसलो होतो. आणि ते असं ऐकायला मिळालं.

अक्का आतून आली. मल्लव्वा तिला म्हणाली, "पोरी, मारून हाकलून दिलेली असतीस तर मी डोक्यावर बसवून नेलं असतं. पण चहा करून देणार्‍याला तू सोडून आलीस. माझा लिंगराजबी तसलाच हाय, करून देणारा. एकदा बायको गेली तेव्हा पार खचला होता. दुसर्‍यांदा उठणार न्हाई तो."

अक्का म्हणाली, "ह्यांच्याशी तसं होत न्हाई मला."

"कसं?"

"धस्स होत न्हाई."

मल्लव्वानं तिची हनुवटी वर करून बघितलं. मला वाटलं, फिरलं. पण ती उठली, पदर सावरला, पाण्याला हातही लावला नाही.

९ डिसेंबर

अप्पांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. दुकानाच्या फळ्या लावल्या, घरात आले आणि म्हणाले, "मी गावाला जे सांगितलं ते पोर उजळ माथ्यानं फिरावी म्हणून सांगितलं. त्या माणसाला काळं केलं, तिला धुतलं. तू कुणासाठी लिवलास?"

गोष्टीसाठी, म्हणणार होतो.

अव्वा चुलीपाशी एकटीच पुटपुटत होती, "आपल्या बोलण्यानं त्या लेकराला कुणी पोरगी दिली नसंल." कोणतं लेकरू, मला कळलं नाही.

११ डिसेंबर

अक्कानं अंक मागितला. ओसरीवर, तिळाच्या जागेवर बसून वाचला. सावकाश. मी खांबाला टेकून उभा होतो. खरं लिहायचं म्हणून लिहितो, अशा वेळीही मी बघत होतो ती कुठल्या ओळीवर थांबते. छत्रीवर थांबली नाही. "त्या घरात मी पाहुणीच होते" इथं थांबली.

मिटवून परत दिला.

"सगळं हाय की रे ह्यात. एक शब्द बी सोडला न्हाईस."

"अक्का, नावं बदलली होती मी."

"मला वाटलं तू ऐकायलास. तू तर तवाच लिवायलता."

खरंच आहे. ती सांगत होती तेव्हा मी मनात पहिली ओळ शोधत होतो. तिनं सूप कसं धरलं होतं ते मला आठवतं, तिचा चेहरा आठवत नाही.

"लिंगराजभाऊंना फोन कर," म्हणालो. "मी बोलू का?"

"केलता. म्हणले, अव्वा म्हणंल तसं." फोन पालथा घातला तिनं. "आता परत त्येच. ओ द्यायला बी कुणी न्हाई."

१३ डिसेंबर

सरांकडं गेलो. सगळं सांगितलं. अक्काला दाखवली होती हे खोटं बोललो, तेही. वाटलं होतं, ते म्हणतील लेखकाला किंमत द्यावी लागते, असं काहीतरी.

सर म्हणाले, "मला त्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का न्हाईत?"

"गोष्ट चांगली होती." चष्मा पुसायला घेतला. "मलाबी ती छापून यायला पाहिजे होती, गुरुबसव."

त्यांनी दुसरी गोष्ट मागितली नाही. मी दिलीही नाही. परत येताना बसमध्ये एक जण सांगत होता, जहिराबादला ऊस तोडायचं यंत्र चालवायला माणसं हवीत. नंबर घेतला.

१९ डिसेंबर, शेतावर

येळवस. कुणालाच यायचं नव्हतं, पण हे चुकवता येत नाही. पहाटेपासून अव्वानं सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी शिजवली. अक्कानं बाजरीच्या पिठाचे उंडे वळले. आंबिलीनं भरलेला बिंदगा डोक्यावर घेऊन अप्पा पुढं, आम्ही मागं. ज्वारी कमरेच्या वर आलीय. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. पूजा झाली. आंबील शिंपत अप्पा रानाला फेरी मारून आले. दर वर्षी ओरडतात, सगळं शिवार ऐकतं. आज ओठ हलले फक्त.

कमलापूरची माणसं यायची म्हणून भाजी दुप्पट शिजलेली. अव्वानं ठरवल्याप्रमाणेच शिजवली, कमी केली नाही. मनात काय होतं तिच्या, विचारलं नाही.

आजच्या दिवशी कोण आला, कशाला आला, विचारत नाहीत. पाय धुवायला पाणी द्यायचं, वाढायचं. त्यामुळं गावातली बरीच माणसं येऊन जेवून गेली. भज्जी वाढताना अक्काकडं बघतात, मग माझ्याकडं. पाटील म्हणाले, "आमच्यावर बी लिव की एखादी," आणि हसले. अक्कानं त्यांच्या ताटात आणखी एक उंडा टाकला.

आता उन्हं कलायला आलीत. मी बोरीखाली बसून हे लिहितोय. जहिराबादवाल्याला फोन केला होता, सोमवारी ये म्हणालाय. जाईन बहुतेक. वही नेणार नाही.

बांधावर फटफटी थांबली. अप्पा ताडकन उठले, धोतर झटकलं. अव्वानं कोपीतून डोकं बाहेर काढलं. अक्कानं हात धुतले, पदर नीट केला. तिघांच्याही तोंडावर एकच नाव होतं. मलाही तेच वाटलं. लिंगराजभाऊ आले, आईचं न ऐकता आले.

तो नाही. बारीक माणूस. केस पांढरे झालेत, पण चाल म्हातार्‍याची नाही. चप्पल बांधाला काढून ठेवली. हातात गुंडाळलेला अंक आहे, माझाच. सरीतून येतोय, ज्वारी मोडू नये म्हणून अंग चोरत. मग अव्वा हळूच म्हणाली, "अगं बया, अमृतप्पा."

त्यानं अप्पांना नमस्कार केला. अक्काकडं बघितलं, लगेच मान वळवली. म्हणाला, "लिवणारा कुठं हाय?"

अक्का म्हणाली, "आधी जेवा." त्याच्यासाठी ताट मांडलं, पाणी ठेवलं, आणि मग बोरीकडं, माझ्याकडं, बोट केलं.